कर्नल मेडोज टेलर : दगडांच्या खुणा वाचणारा अधिकारी

बिदरच्या पठारावरून निघून गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, वाटेने दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या पायाखालचा दगड तीनदा बदलतो. बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे तेथे तांबडा, सच्छिद्र जांभा आहे. या जांभ्यातून पावसाचे पाणी झिरपते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. नरसिंह झऱ्याचे गुहेतील देवस्थान आणि गुरुनानक झिरा ही दोन्ही तीर्थे अशाच झऱ्यांवरची. बहमनी काळात दगडाच्या याच गुणाचा उपयोग करून येथे भूमिगत कालवे खोदण्यात आले. जमिनीवर एका रांगेत दिसणारी त्यांची विहिरीसारखी तोंडे पाहून खालून वाहणाऱ्या पाण्याचा मार्ग जाणकाराला सांगता येतो. पठार उतरले की काळा कातळ आणि काळी जमीन लागते. पुढे भीमेच्या आसमंतात, शहाबादी फरशीच्या रूपाने घरोघरी परिचित असलेला चुनखडीचा थर वर येतो. आणि भीमा ओलांडून सुरपूरकडे वळले की ग्रॅनाइटच्या गोल गोल शिळांच्या टेकड्या सुरू होतात.

या मुलखात वरचा दगड खालच्या गोष्टींची खूण सांगतो, हे येथील गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु त्या खुणा पद्धतशीरपणे वाचून, त्यांखाली काय दडले आहे हे हाताने उघडून पाहणारा आणि पाहिलेले जसेच्या तसे नोंदवून ठेवणारा पहिला माणूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे आला. तो भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता, पुरातत्त्वज्ञ नव्हता, आणि विद्यापीठाची पायरीही त्याने चढलेली नव्हती. निजामाच्या नोकरीतील तो एक लष्करी अधिकारी होता. ठगांच्या कादंबरीमुळे जगाला आणि तुळजापूरच्या ‘तारा’मुळे महाराष्ट्राला परिचित झालेले कर्नल फिलिप मेडोज टेलर ते हेच. त्यांच्या कादंबऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या हातून झालेले दुसरे मोठे कार्य मात्र वाचकांच्या नजरेआड राहिले.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. आई नॉर्थम्बरलँडमधील मिटफर्ड या जुन्या घराण्यातील होती. व्यापारात खोट आल्याने मुलाचे शिक्षण लवकर आटोपले आणि कोवळ्या वयातच त्याला पेढीवरच्या कामाला लागावे लागले. १८२४ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून त्याची रवानगी झाली. पुढे भागीदारी मिळेल असे आश्वासन होते. मुंबईस पोहोचल्यावर त्या पेढीची खरी स्थिती उघड झाली. ती बुडण्याच्या बेतात होती. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या एका नातलगाच्या खटपटीने या मुलाला निजामाच्या सैन्यात जागा मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो औरंगाबादेस आपल्या पलटणीत दाखल झाला. कंपनी सरकारच्या थेट सेवेत असलेल्यांना मिळणारी पदे, पेन्शन आणि मानमरातब यांपैकी फारसे काही निजामाच्या नोकरीत नव्हते. हा भेद टेलर यांना आयुष्यभर जाणवत राहिला. मात्र त्या नोकरीने त्यांना एक गोष्ट दिली. पस्तीस वर्षे ते दख्खनच्या एकाच भूभागात, तेथील लोकांत राहिले.

औरंगाबादेस असतानाच त्यांनी हिंदुस्तानी भाषेचा अभ्यास केला आणि पुढे मराठीचाही परिचय करून घेतला. विशीही गाठली नव्हती, तोच त्यांच्याकडे राज्याच्या नैर्ऋत्य जिल्ह्यांतील पोलीस कारभार आला. तुळजापूर, नळदुर्ग, कल्याणी या टापूत त्यांचा तळ असे. तुळजाभवानीच्या यात्रेला येणारे हजारो लोक, वाण्याउदम्यांचे तांडे, बैरागी, सावकारांचे जासूद ही सारी रहदारी त्यांच्या डोळ्यांसमोरून जाई. त्याच काळात या रस्त्यांवर माणसे नाहीशी होत होती. काही ठिकाणी उकरलेल्या जमिनीत प्रेतेही सापडली. टेलर यांनी चौकशीस आरंभ केला. परंतु धागा हाती येण्याआधीच त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले. पुढे १८३० नंतर स्लीमन यांच्या मोहिमेत ठगांचे जाळे उघडकीस आले, तेव्हा दक्षिणेतील ठगांच्या जबान्या घेण्याचे काम टेलर यांच्याकडे आले. आपण ज्या आमराईत तंबू ठोकून राहत होतो, ज्या वाटेने घोड्यावरून जात होतो, तेथेच जमिनीखाली वाटसरू पुरलेले होते हे त्यांना त्या जबान्यांतून कळले. वरून सपाट, निर्वेध दिसणारी जमीन आपल्या पोटात काय बाळगून असते याचा हा पहिला धडा त्यांनी फार कठोर रीतीने घेतला होता.

या अनुभवातून त्यांची पहिली कादंबरी जन्माला आली. आजारपणाच्या रजेवर विलायतेस गेले असता, १८३९ मध्ये, अमीर अली या ठगाच्या तोंडून सांगितलेली ही कथा प्रसिद्ध झाली आणि तिने मोठी खळबळ उडवली. राणी व्हिक्टोरियाने छापखान्यातून निघतानाच तिची पाने मागवून वाचली. पुढच्याच वर्षी टिपू सुलतानावरील कादंबरी आली. १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचे हिंदुस्थानातील बातमीदार म्हणूनही त्यांनी काम केले. हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या कन्येशी, मेरीशी, त्यांचा विवाह १८३२ मध्ये झाला होता. पामर यांची आई हिंदुस्थानी होती, आणि त्यामुळे या देशातील घराण्यांच्या अंतरंगाशी टेलर यांचा जो संबंध आला तो सामान्य इंग्रज अधिकाऱ्याच्या वाट्याला येत नसे. पत्नीच्या अकाली मृत्यूनंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८४१ च्या अखेरीस त्यांची नेमणूक सुरपूर संस्थानात झाली. इंग्रजी कागदपत्रांत शोरापूर या नावाने येणारे हे बेडर नायकांचे संस्थान आज कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात आहे. २००९ पर्यंत ते गुलबर्गा जिल्ह्यातच मोडत असे. मराठी वाचकाला या घराण्याची ओळख वाकिनखेड्याच्या वेढ्यामुळे आहे. औरंगजेबाने आपल्या आयुष्यातला शेवटचा मोठा वेढा १७०५ मध्ये येथेच घातला, आणि पीड नायकाच्या मदतीला धनाजी जाधव धावून आले होते. टेलर आले तेव्हा संस्थान कर्जात बुडालेले होते आणि दरबारात वारसाहक्काचा तंटा पेटला होता. १८४२ मध्ये राजा कृष्णप्पा नायक यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचा मुलगा व्यंकटप्पा जेमतेम सात-आठ वर्षांचा होता. त्याची आई राणी ईश्वरम्मा करारी आणि महत्त्वाकांक्षी होती. एका बाजूला दरबारातील पक्ष, दुसऱ्या बाजूला शस्त्र बाळगणारे हजारो बेडर, आणि मधे हाताशी तुटपुंजे सैन्य असलेला हा एकटा अधिकारी, अशी ती स्थिती होती. पुढची अकरा वर्षे अज्ञान राजाच्या वतीने टेलर यांनीच संस्थानाचा कारभार पाहिला.

या कारभाराने त्यांना सर्वांगाने घडविले. जमाबंदीसाठी जमीन मोजायची म्हणून ते मोजणी शिकले. तलाव बांधायचे म्हणून स्थापत्य शिकले. न्यायदान करायचे म्हणून कायदा शिकले. बोनाळच्या तलावाचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. हे तळे आज पक्ष्यांच्या अभयारण्यासाठी प्रसिद्ध आहे. सुरपूरच्या टेकडीवरील त्यांचा बंगला टेलर मंझिल म्हणून ओळखला जातो. तलावाचा बांध कोठे घालावा हे ठरविताना जमिनीचा उतार, खडकाचा प्रकार आणि मुरमाची खोली पाहावी लागते. मोजणीची साखळी घेऊन शेतोशेत हिंडताना बांधावरचा प्रत्येक दगड नजरेखालून जातो. टेलर यांची दगड ओळखण्याची दृष्टी अशी रोजच्या कामातून तयार झाली. त्यातच ते चांगले चित्रकार होते. जे पाहिले ते कागदावर उतरविण्याची सवय त्यांच्या हाताला होती.

या फिरतीत त्यांच्या लक्षात आले की सुरपूरच्या टेकड्यांतील सगळेच दगड निसर्गाने टाकलेले नाहीत. ग्रॅनाइटचा खडक ऊन-पावसाने फुटतो, त्याच्या कडा झिजतात आणि गोलाकार शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसू लागतात. अनभ्यस्त डोळ्याला अशी प्रत्येक रास माणसाने रचलेली वाटते, किंवा उलट, माणसाने रचलेली रास निसर्गाचीच वाटते. यातला फरक ओळखण्यासाठी काही खुणा असतात. सारख्या आकाराच्या शिळा ठरावीक अंतराने वर्तुळात बसलेल्या असणे ही पहिली खूण. वर्तुळाच्या आतली जमीन भोवतालच्यापेक्षा किंचित उंच किंवा मध्यभागी किंचित खचलेली असणे ही दुसरी. आतला भराव सुट्या दगडगोट्यांचा असणे, आणि शिळांचा दगड पायाखालच्या खडकापेक्षा वेगळा असणे, म्हणजे तो दुरून वाहून आणलेला असणे, ही तिसरी. अशा खुणा एकत्र आल्या म्हणजे खाली पोकळी असण्याचा, निदान कधीकाळी खोदलेला खड्डा असण्याचा संभव मोठा.

मलबारात बॅबिंग्टन यांनी आणि निलगिरीत काँग्रीव्ह यांनी अशा जुन्या दगडी रचनांचे वर्णन टेलर यांच्या आधी केले होते. इंग्लंड, आयर्लंड, ब्रिटनी येथेही तशाच रचना आहेत हे टेलर यांना माहीत होते. त्यामुळे राजन कोळूर, हग्गरटगी या गावांच्या परिसरात मोठमोठ्या सपाट शिळा उभ्या करून त्यांवर तितकीच प्रचंड शिळा छपरासारखी टाकलेली दिसली, तेव्हा त्यांना आपण काय पाहत आहोत याची तत्काळ जाणीव झाली. गावकऱ्यांच्या समजुतीप्रमाणे ती मोहोरी नावाच्या बुटक्या लोकांची घरे होती. एवढ्या ठेंगण्या घरांत राहणारी माणसे ठेंगणीच असणार, असा तो सरळ तर्क. टेलर यांनी ती समजूत नोंदवून घेतली, आणि मग घरे उघडून पाहिली. एका बाजूने मोकळ्या असलेल्या रचनांत मातीखेरीज फारसे काही मिळाले नाही. ज्या चारी बाजूंनी बंद होत्या त्यांच्या एका शिळेला वाटोळे भोक पाडलेले होते. आणि त्यांच्या आत राख, कोळसा, हाडांचे तुकडे आणि फुटकी मडकी मिळाली. ही घरे जिवंतांची नव्हती, मृतांची होती. शिळेचे वाटोळे भोक ही त्याची बाहेरून दिसणारी खूण होती. असेच भोक युरोपातील थडग्यांनाही असते, हे त्यांनी आवर्जून नमूद केले.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम जेवरगी येथे झाले. भीमेच्या काठी, फिरोजशहा बहमनीने वसविलेल्या आणि आज ओस पडलेल्या फिरोजाबादेजवळ हे गाव आहे. फिरोजाबादचे भव्य दरवाजे पाहायला प्रवासी थांबत; शेजारच्या माळावरील शिळावर्तुळांकडे कोणी ढुंकून पाहत नसे. टेलर यांनी ती खणण्यास घेतली. वरचा दगडगोट्यांचा भराव काढला, खालची माती काढली, आणि खोलवर गेल्यावर शिळा उभ्या लावून केलेल्या पेट्यांसारखे कक्ष लागले. त्यांत माणसांचे सांगाडे होते, लोखंडी भाले आणि बाण होते, तांबडी व काळी मडकी होती. काही सांगाड्यांची शिरे धडापासून वेगळी ठेवलेली आढळली.

त्या काळी असे खोदकाम करणारे बहुतेक लोक खजिन्याच्या किंवा दुर्मिळ वस्तूंच्या लोभाने खणत. वरून मधोमध भोक पाडायचे, हाती येईल ते उचलायचे आणि पुढच्या ठिकाणी जायचे, ही रीत. टेलर यांनी तसे केले नाही. खोदकामाचा उभा छेद त्यांनी कागदावर रेखाटला. वरची माती कोठपर्यंत, दगडगोट्यांचा थर कोठपासून, त्याखालची माती कोणत्या जातीची, कक्षाच्या शिळा किती खोल, सांगाडे कोणत्या पातळीवर, मडकी कोणत्या, हे सारे त्या रेखाचित्रांत दाखविले. कोणता थर कशासाठी घातला गेला असावा याचाही त्यांनी विचार केला. आजच्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षीच शिकविले जाते. १८५१ मध्ये ते शिकविणारे कोणी नव्हते. पद्धतशीर उत्खननाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या पिट-रिव्हर्स यांची प्रसिद्ध उत्खनने यानंतर सुमारे तीस वर्षांनी इंग्लंडात सुरू झाली.

शहापूरजवळच्या विभूतिहळ्ळीचा माळही टेलर यांच्याच नोंदींमुळे विद्वानांसमोर आला. तेथे मोठमोठ्या शिळा ठरावीक अंतरावर तिरप्या रांगांत मांडलेल्या आहेत, आणि साऱ्या मिळून बुद्धिबळाच्या पटासारखी एक आकृती बनते. या रांगा थडग्यांवर उभारलेल्या नाहीत. वरच्या दगडांचा मेळ पाहून खाली कक्ष असेलच असे नाही, हा दुसरा धडा या माळाने दिला. तो माळ आज संरक्षित स्मारक आहे आणि त्याच्या प्रयोजनाबद्दल अभ्यासकांत अद्याप चर्चा चालू आहे.

जेवरगीचा वृत्तान्त १८५१ मध्ये आणि सुरपूर संस्थानातील अवशेषांचा १८५३ मध्ये, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १८६२ मध्ये डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीपुढे त्यांनी सविस्तर निबंध वाचला आणि दख्खनच्या व युरोपच्या रचनांची आकृत्यांसह तुलना केली. येथे त्यांची मर्यादाही दिसते. वस्तू आणि रचना सारख्या दिसतात, म्हणून त्या बांधणारे लोकही एकाच वंशाचे असले पाहिजेत, असा त्यांनी ग्रह करून घेतला. हे लोक शक किंवा केल्ट असावेत असे मानले. वेगळी ठेवलेली शिरे पाहून त्यांनी नरबळीची कल्पना केली. ही दोन्ही अनुमाने आज कोणी मान्य करीत नाही. या रचना दक्षिण भारतातील लोहयुगाच्या आहेत, त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या आसपासचा मानला जातो. मृतदेह प्रथम उघड्यावर किंवा अन्यत्र ठेवून, मागाहून निवडक अस्थी गोळा करून पुरण्याची चाल त्या समाजात होती. त्यामुळे शिर वेगळे असणे ही हत्येची खूण ठरत नाही. विदर्भातील जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळे याच परंपरेची. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन कॉलेज व नागपूर विद्यापीठातर्फे त्यांपैकी काहींचे उत्खनन केले, तेव्हा तशीच काळी-तांबडी मडकी, तशीच लोखंडी हत्यारे आणि त्यांबरोबर घोड्यांचे अवशेषही मिळाले. भीमेकाठच्या वर्तुळांचे नाते नागपूरच्या माळांशी जुळते ते असे.

टेलर यांची अनुमाने मागे पडली आणि निरीक्षणे टिकली, याचे कारण त्यांनी दोन्हींची सरमिसळ केली नाही. काय दिसले हे आधी आणि काय वाटले हे नंतर, असा त्यांच्या लेखनाचा क्रम आहे. त्यामुळे शक-केल्टांचा सिद्धान्त बाजूला काढला तरी जेवरगीचा छेद जसाच्या तसा उपयोगी पडतो.

परंतु हा चिकित्सक डोळा माणसांच्या बाबतीत तितका यशस्वी झाला नाही, आणि त्याची किंमत टेलर यांना मनःस्तापाने मोजावी लागली. बाल राजा व्यंकटप्पा त्यांच्या देखरेखीखाली वाढला. तो त्यांना अप्पा म्हणे. १८५३ मध्ये राजा वयात आला, कारभार त्याच्या हाती सोपविण्यात आला आणि टेलर यांनी सुरपूर सोडले. त्याच वर्षीच्या तहाने निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. त्यांपैकी नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलर यांच्याकडे आला. तरुणपणी जेथे ते पोलीस अधिकारी होते त्याच मराठी मुलखात ते पुन्हा आले, आणि येथेही जमिनीची मोजणी, रस्ते, जमाबंदी हेच काम त्यांनी केले. १८५७ च्या धामधुमीत त्यांना वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. हाताशी फौज नसताना त्यांनी तो भाग शांत ठेवला.

सुरपुरात मात्र वेगळेच घडत होते. राजा कर्जबाजारी झाला होता. रोहिले आणि अरब शिपाई त्याच्याभोवती जमले होते. उत्तरेकडून उठावाच्या वार्ता आणि निरोप येत होते. फेब्रुवारी १८५८ मध्ये राजाच्या लोकांनी इंग्रज तळावर हल्ला केला. पुढच्या चकमकीत कॅप्टन न्यूबेरी मारले गेले. राजा हैदराबादला निघून गेला आणि तेथे पकडला गेला. तुरुंगात टेलर त्याला भेटले. ज्याला त्यांनी मांडीवर खेळविले तो चोवीस वर्षांचा तरुण समोर कैदी म्हणून उभा होता. फाशीची शिक्षा कमी होऊन ती अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि मुदतीनंतर राज्य परत मिळण्याची आशाही निर्माण झाली. परंतु चिंगलपटच्या वाटेवर राजाचा गोळी लागून मृत्यू झाला. ती त्याने स्वतःहून झाडून घेतली की अपघाताने सुटली, हे कधीच कळले नाही. हा राजा चोविसाव्या वर्षापुढे जगणार नाही असे ज्योतिष्यांनी पूर्वी वर्तविले होते; आईने ते टेलर यांना सांगितलेही होते. त्याची नोंद त्यांच्या आत्मचरित्रात आहे. त्यांच्या दृष्टीने हा एका वाट चुकलेल्या मुलाचा अंत होता. कर्नाटकात मात्र राजा व्यंकटप्पा नायक स्वातंत्र्यासाठी लढलेला वीर म्हणून आज आदराने स्मरला जातो. अकरा वर्षे ज्या दरबारात टेलर वावरले, तेथील मनांत खोलवर काय साचत होते हे त्यांच्या नजरेला पुरते दिसले नाही. ते परक्या सत्तेचे अधिकारी होते, आणि त्यांच्या प्रेमालाही त्या सत्तेची मर्यादा होती.

राजाच्या मृत्यूनंतर सुरपूरचा कारभार काही काळ पुन्हा टेलर यांच्याच हाती आला. १८६० मध्ये संस्थान निजामाकडे गेले. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने टेलर यांनी हिंदुस्थान सोडला. उरलेले आयुष्य त्यांनी डब्लिनजवळ काढले आणि तेथे बसून दख्खनच्याच कथा लिहिल्या. १८६३ मध्ये आलेली ‘तारा’ तुळजापूरच्या भवानीच्या देवळातून सुरू होते आणि अफझलखानाच्या मोहिमेपर्यंत जाते. बेडरांचा मुलूख आणि चांदबिबी यांवरील त्यांची कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. १८७० मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला. सर सालारजंग यांच्या निमंत्रणावरून १८७५ मध्ये ते पुन्हा हैदराबादला आले. पण तापाने आणि दृष्टी क्षीण झाल्याने त्यांना परत फिरावे लागले. परतीच्या वाटेवर फ्रान्समध्ये मेंतों येथे १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. कन्या ॲलिस हिने त्यांचे आत्मचरित्र पुढील वर्षी प्रसिद्ध केले.

त्यांच्या उत्खननांची आठवण मात्र बराच काळ नियतकालिकांच्या जुन्या अंकांत पडून होती. १९४१ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी यांच्या कारकिर्दीत, त्यांचे हे निबंध एकत्र करून पुन्हा छापले. १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी ब्रह्मगिरीचे उत्खनन करून या दफनांचा काळ ठरविण्याचा पाया घातला. उत्खननशास्त्रावरील आपल्या १९५४ च्या ग्रंथात त्यांनी टेलर यांच्या छेदांचा गौरवाने उल्लेख केला. इतक्या आधी, इतक्या एकाकी अवस्थेत एका माणसाने हे केले याचे त्यांना नवल वाटले. पुढे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी याच सुरपूरच्या दुआबात, हुणसगी आणि इसामपूर येथे, लक्षावधी वर्षांपूर्वीच्या अश्मयुगीन माणसाची वसतिस्थाने शोधली. टेलर ज्या वाटांनी हिंडले त्याच वाटांवर ती सापडली.

गेल्या दीडशे वर्षांत दक्षिणेतील असंख्य शिळावर्तुळे नाहीशी झाली. नांगराच्या आड येणारा दगड बांधावर जातो, बांधावरचा दगड घराच्या पायात जातो, आणि उरलेला खडी होऊन रस्त्यावर पसरतो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. तो दगड काही सांगतो आहे हे ठाऊक नसते इतकेच. एकदा वर्तुळ मोडले की खालच्या कक्षाची खूण पुसली जाते. जेथे नोंद झाली तेथे मात्र दगड हलले तरी इतिहास हलला नाही. जेवरगीच्या माळावर टेलर यांनी मातीचा प्रत्येक थर ज्या सावधपणे कागदावर उतरविला, तो कागद एशियाटिक सोसायटीच्या त्या जुन्या अंकात आहे आणि १९४१ च्या पुस्तकातही आहे. भीमेच्या काठी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या माणसाला पुरले, त्याच्याजवळ मडकी आणि भाला ठेवला, वर शिळा सरकवली आणि भोवती दगडांचे कडे केले. ते कसे केले, हे आजही त्या रेघांवरून वाचता येते.